जास्वंदीला शिळं पाणी

नळ आला की ओल्या मातीचा वास सुटतो, आणि बायको गेली तो उन्हाळा आठवतो. तिच्या मागं तिची जास्वंद तेवढी उरली होती, तिच्याही पानांनी माना टाकल्या. आमच्याकडं आठवड्यानं नळ येतो, मग साठवलेलं पाणी शिळं म्हणून सगळे कुंडीत ओततात. सून म्हणाली, “मामंजी, झाड तहानलंय,” अन् अजून एक बादली ओतली. माझं डोकंच फिरलं. “अगं, तहानलं नाय, बुडालंय!” कुंडी आडवी केली तर सडका वास आला. बुडाचं भोक खिळ्यानं मोकळं केलं, माती बदलली, झाड सावलीत ठेवलं आणि वरची माती सुकल्याबिगर कुणाला थेंब टाकू दिला नाय. हळूहळू पालवी फुटली. आजही नळ आला की मी कुंडीपाशी खुर्ची टाकून बसतो. सून ओरडते, “आंघोळ तरी करून घ्या!” करतो की, आधी तू ती बादली खाली ठेव.