बॅटरी नीट धर

आक्काबाईच्या लग्नाला तीस वर्षं झाली आणि त्यातली निम्मी तिने बॅटरी धरण्यात घालवली, असं ती स्वतःच म्हणते. बॅटरी म्हणजे हातातली, उजेडाची. आधी विहिरीवरची मोटर, मग ट्रॅक्टर, मग ही गाडी. काही बिघडलं की नवरा रंगनाथ त्याच्याखाली उताणा, आणि ही शेजारी उकिडवी, हात लांब करून. चुलीवर भाजी करपू दे, नाहीतर दारात पाहुणा उभा राहू दे.

"ए, बॅटरी नीट धर! उजेड कुठं पाडतीस, माज्या नाकावर?"

नट निसटून मातीत पडला, दोष बॅटरीचा. ऑइल सांडलं, बॅटरीचा. पाना सटकून त्याच्याच अंगठ्यावर बसला तरी, "तू नीट धरली असतीस तर?" हे ठरलेलं. रंगनाथच्या हातून आयुष्यात कधी चूक झालीच नाही. जी झाली ती आक्काबाईच्या उजेडाने केली. सुरुवातीला ती रडायची. मग उलट बोलायला लागली. पुढेपुढे नुसती दात-ओठ खायची, कारण बोलून त्याच्यात काही फरक पडत नव्हता.

कर्जतच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून आत गेलं की यांची वस्ती. गाडी पंधरा-सोळा वर्षांची. शोरूमवाले तिला एसयूव्ही म्हणत असतील, वस्तीवर सगळे जीपच म्हणतात. रंग उन्हाने पार उडालेला, पण इंजिन असं की किल्ली फिरवायचा अवकाश. गॅरेजची पायरी तिला रंगनाथने कधी दाखवली नाही. ऑइल बदलणं, पट्टा बदलणं, पाटे, बुश, सगळं दारातल्या पत्र्याच्या शेडखाली, स्वतःच्या हाताने. आणि हात होतेच तसे, ते आक्काबाईसुद्धा नाकारत नाही. जिथे नजर पोचायची नाही तिथे बोटं घालून तो अंगठा फिरवायचा आणि सांगायचा, "हितं चीर पडलीया." भाग बाहेर काढला की चीर तिथेच असायची.

दोन वर्षांपूर्वी शुगरने त्याचे डोळे धरले.

नगरला दाखवायला गेले तेव्हा आक्काबाई सोबत होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. डोळ्यांच्या आतला पडदा खराब झालाय, आहे ती नजर टिकवायचा प्रयत्न करू, गेलेली परत यायची नाही. गाडी चालवणं बंद. एसटीत बसल्यावर रंगनाथ तिच्या कानाशी आला.

"कोनी इचारलं तर मोतीबिंदू म्हनायचं. पिकला की काढू म्हनायचं."

आणि ती म्हणाली! याचाच तिला सगळ्यात जास्त संताप. भावकीत म्हणाली, शेजारी म्हणाली, पोटच्या लेकीलासुद्धा फोनवर म्हणाली, "काय न्हाई गं, मोतीबिंदू हाय." नवऱ्याची लाज झाकायला आपण आपलं तोंड विटाळलं, असं तिला वाटायचं.

चालवणं बंद? नाव काढू नका. उलट गाडीवर खर्च सुरू झाला. आधी पुढचे दिवे बदलले, पांढरेफटक, समोरच्याचे डोळे दिपतील असे. मग बाजूचे आरसे मोठे आले. मग मागे कॅमेरा बसला आणि पुढे त्याचा पडदा, मग मागे काही आलं की पीं-पीं करणारी यंत्रं. वायरी ओढायच्या त्यानेच, टेप गुंडाळायची त्यानेच, आणि बॅटरी धरायची हिने.

"या वयात काय नटवताय तिला?"

"जमाना बदललाय. तुला काय कळतंय त्यातलं?"

तिला सगळं कळत होतं. आपले डोळे गेले म्हणून माणूस गाडीला डोळे बसवत सुटला होता. आणि तो कॅमेऱ्याचा पडदा तरी याला कुठे दिसत होता? दिवाळीत गोठ्यापाशी गाडी मागे घेताना म्हैस घासली. यंत्र बोंबलत होतं, ही बोंबलत होती, आणि हा म्हणतो, "म्हस आडवी आली."

"अहो, म्हस बांदलेली हाय! दाव्याला! आडवी कशी यील?"

त्यावर तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. म्हशीवरही राग धरला.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. वस्तीवरून फाट्यापर्यंत जाणार, फार तर कर्जतच्या बाजारापर्यंत. रस्ता त्याच्या अंगवळणी पडलेला. पण लेकीला दिवस गेले आणि गोष्ट वेगळी झाली. ज्ञानेश्वरी, यांची एकुलती एक, कोपरगावकडे दिलेली. सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आणायला बापाने जायचं. रंगनाथने जाहीर करून टाकलं.

"ज्या गाडीतनं लेक धाडली त्याच गाडीतनं आननार. आन चालवनार मी."

म्हणजे नगर ओलांडून, राहुरी, शिर्डी, पार गोदावरीपर्यंत. त्या रस्त्यावरचे खड्डे, उसाच्या ट्रॉल्या, उलट्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकली. आणि येताना मागे सात महिन्यांची पोटुशी पोर. रात्री ताट वाढतानाच आक्काबाईने विषय काढला.

"परवेझला न्या," ती म्हणाली. परवेझ म्हणजे शेजारच्या खाजाभाईचा थोरला. शिर्डीला भाविक पोचवायची गाडी चालवतो, रोजचा रस्ता त्याचा. "तो चालवंल, तुमी शेजारी बसा. गाडी आपलीच."

"माजी लेक मी आननार. भाड्याचा डायवर न्हाई."

"तुमाला दिसत न्हाई!"

"हळू बोल."

"का हळू? मोतीबिंदू ऐकंल का? कुनाकुनापासनं लपवताय? ती पोर तुमच्या मागं बसनार हाय, तिला तरी सांगा, तुजा बाप आंदळा हाय म्हनून!"

आंधळा हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा गेला. रंगनाथने ताट पुढे सरकवलं आणि उठला. गुरुवारी ब्रेकचे नवे पॅड घेऊन आला. शनिवारी निघायचं ठरलं होतं.

दुपारी शेडखाली जॅक लागला. पुढचं चाक निघालं. "बॅटरी आन," शेडखालून नव्हे, जणू मागच्या तीस वर्षांतूनच हाक आली. आक्काबाईने बॅटरी आणली. तोंड फुगलेलंच होतं. भर दुपारी चाकाच्या पोकळीत अंधार असतो, तिने उजेड नेमका तिथे धरला. हात हलू दिला नाही. आज याला बोलायला जागाच ठेवायची नाही, असा तिचा हट्ट.

चाकामागे एक लोखंडी चकती असते, पोळीच्या तव्याएवढी. ब्रेक दाबला की तिला दोन्ही अंगांनी दोन पॅड आवळतात. पॅडच्या एका बाजूला लोखंडी पत्रा, दुसऱ्या बाजूला घासायचा मसाला. मसाल्याचं तोंड चकतीकडे हवं. हे आक्काबाईला कुणी शिकवलं नव्हतं. इतकी वर्षं उजेड धरताना तिचे डोळे काय बांधून ठेवले होते?

बाहेरचा पॅड नीट बसला. आतला त्याने हातात घेतला, नेहमीसारखा दोन्ही अंगांवरून अंगठा फिरवला आणि बसवायला घेतला. उलटा. पत्रा चकतीकडे.

"अहो, त्यो—"

"गप! तुला बॅटरी धराया सांगितलीया, डोकं चालवाया न्हाई."

झालं. आक्काबाईचं टाळकं असं सणकलं की कानात गरम हवा भरली. बसवा, ती मनात म्हणाली. बसवा उलटा. लई शहाणे ना तुम्ही? ती ओठ मिटून बसली आणि उजेड मात्र तसूभर हलवला नाही. त्याने ठोकून, दाबून पॅड आत घातला. चाक चढलं, नट आवळले. दुसऱ्या चाकाचं मग बघू म्हणाला.

"ब्रेक तपासतो. फाट्यापतोर जाऊन येतो."

ती पुढचं दार उघडून शेजारी चढून बसली.

"तू कुठं?"

"मीबी येते. मरायचं तर दोगंबी मरू. पोरीला एकाचाच दहावा कशाला?"

त्याने किल्ली फिरवली. गाडी शेडबाहेर निघाली. वस्तीचा रस्ता मोकळा होता, दोन्हीकडे बाभळी, माणूस नाही की जनावर नाही. तिने आधी बघून घेतलं होतं. रागात असली तरी तिचं डोकं ठिकाणावर होतं. खताच्या उकिरड्याशी आल्यावर त्याने ब्रेक दाबला.

खर्रर्र. लोखंडावर लोखंड. बाभळीवरची पाखरं उडाली. गाडी फरफटत जाऊन थांबली.

रंगनाथने इंजिन बंद केलं. तो आवाज काय असतो ते त्याला कुणी सांगायला नको होतं. आक्काबाई सावरून बसली. आता येणार. 'तू बॅटरी नीट धरली असतीस तर!' आज तिच्याजवळ उत्तर तयार होतं. असं उत्तर की जन्मभर त्याने तोंड वर काढू नये.

रंगनाथने उजव्या हाताचा अंगठा बोटांवर घासला. एकदा, दोनदा. मग हात चेहऱ्याजवळ नेऊन बघत बसला.

"बॅटरी तू नीटच धरली हुतीस," तो म्हणाला.

तीस वर्षं जे एक वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते हे. आणि ते ऐकून आक्काबाईचा जो भडका उडाला तसा कधीच उडाला नव्हता.

"वरडा की! वरडा ना! मुक्यासारकं काय बसलाय? मला दिसलं हुतं. तुमी उलटा बसवताना बगत हुते मी. मुद्दाम न्हाई सांगितलं!"

"का न्हाई सांगितलंस?"

"सांगू देता व्हय कदी? तीस वर्सांत एकदा तरी ऐकलंय?"

"न्हाई," तो म्हणाला. मग अंगठा पुन्हा बोटांवर घासत, "नजर गेली तर गेली म्हनत हुतो. बोटं हायेत. बोटांना कळतंय समदं. मगाशी त्या पॅडवरनं अंगठा फिरवला, तर दोनी बाजू सारक्याच लागल्या गं. लई दिस झालं, चहाचा कपबी गरम लागत न्हाई."

हे त्याने तिला सांगितलं नव्हतं. डोळ्यांचं एक लपवायला तिला कामाला लावलं, आणि हे दुसरं तिच्यापासूनच लपवलं. आक्काबाईने डॅशबोर्डवर मूठ आपटली. पदरात तोंड खुपसून ती रडली, आणि रडतानाही त्याला शिव्याच देत होती. खोटारडा म्हणाली, दगड म्हणाली, आणि आपल्या आईबापाने डोळे मिटून दिली म्हणून त्यांनाही दोन शब्द सुनावले.

तिचं होईस्तोवर तो थांबला. मग त्याने किल्ली काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"परवेझला सांग. शनवारी सकाळी ये म्हनावं."

दुसऱ्या दिवशी शेडखाली पुन्हा जॅक लागला. या खेपेला चाकापाशी आक्काबाई बसली, पदर खोचून. नट सुटेना तेव्हा ती पान्यावर पाय देऊन उभी राहिली. रंगनाथ बाजूला उकिडवा. काय आधी सोडायचं, काय मग, तो सांगत होता, ती करत होती. उजेड मात्र भलतीकडेच. कधी टायरवर, कधी तिच्या डोळ्यांत.

"बॅटरी नीट धरा! माज्या नाकावर काय पाडताय?"

तोंडातून गेलं आणि तीच दचकली. त्याने निमूटपणे हात सरकवला, तोही चुकीकडेच. तिने त्याचं मनगट धरून उजेड जागेवर आणला आणि मसाल्याचं तोंड चकतीकडे करून पॅड बसवला. दुसऱ्या चाकाचेही बदलले. राग गेला होता असं कुणी समजू नये. राग होताच. तो काय असा एका दुपारीत जातो?

शनिवारी परवेझने गाडी चालवली. येताना आक्काबाई पुढे, मागे ज्ञानेश्वरी आणि तिच्या शेजारी बाप. पाठीला उशी, पायाखाली पिशवी, सगळा बंदोबस्त त्याने चाचपून चाचपून केला होता. आणि राहुरीच्या अलीकडे, लेकीचा हात हातात घेऊन, त्याने डोळ्यांचं खरं काय ते सांगूनही टाकलं होतं. नगर जवळ आलं तशी उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर न बघता रस्त्यावर वळला. परवेझने ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, अलगद उभी राहिली. लेकीच्या पोटाला धक्कासुद्धा लागला नाही.

"आण्णा, ब्रेक लई झाक लागत्यात," परवेझ म्हणाला. "कुनी बसवले?"

"तुज्या काकूनं."

"काकूनं? आन तुमी काय करत हुता मग?"

"मी बॅटरी धरली," रंगनाथ म्हणाला.

मागे ज्ञानेश्वरी हसली की रडली ते कळलं नाही. आक्काबाईने मान वळवली नाही. ट्रॉल्या पुढे निघून जाईपर्यंत ती समोरच बघत राहिली.

"नीट न्हाई धरली," ती म्हणाली.