शिगेसकट मोजलेलं माप

कळंबच्या पलीकडून पायी येणाऱ्या, माझ्याच बाकावर बसणाऱ्या एका मुलीचा आमच्या शाळेने घात केला. कधी? नववीच्या वार्षिक परीक्षेचे भूमितीचे पेपर वर्गात दाखवले त्या शनिवारी, तिसऱ्या तासाला. तिचं नाव लिहीत नाही. ती अजून याच तालुक्यात राहते आणि तिला लोक पुरेसं हसलेत. हसणाऱ्यांत मीही होते.

चार गुणांचं उदाहरण. शंकूच्या आकाराची भाताची रास, तळाची त्रिज्या नव्वद सेंटीमीटर, उंची साठ. वृत्तचितीच्या आकाराचं माप, त्रिज्या नऊ, उंची आठ. रास मोजली तर किती मापं भरतील? आम्ही सगळ्यांनी राशीच्या घनफळाला मापाच्या घनफळाने भागलं. अडीचशे. सुटलो.

तिने दोनशे लिहिलं.

आमच्याकडे गावात भात सपाट मोजत नाहीत. वरून हात फिरवून पुसलेलं माप कुणी दिलं तर घेणारा चार घरांत नावं ठेवतो. माप शिगेला भरायचं, म्हणजे काठावर दाणे चढत चढत वर टोक येईपर्यंत, आणखी एक मूठ टाकली तर घरंगळेल इथवर. ते टोक म्हणजे शीग. ती जन्मल्यापासून खळ्यावर हेच बघत आलेली. म्हणून तिने मापावर एक छोटा शंकू काढला. त्याची उंचीही मनाने ठोकून दिली नाही. भात तोच, तर उतारही तोच. नव्वदावर साठ चढतं, तर नवावर सहा. त्या शंकूचं घनफळ मापात मिळवलं आणि भागाकार केला. बाकी शून्य. आकृती पट्टीने आखलेली.

सरांनी पेपर हवेत धरला.

"हे बघा आमच्या शेतकरीणबाई. उदाहरणात नसलेला शंकू यांनी काढलाय. कुठून आला गं हा?"

"सर, शीग हाय ती."

"काय हाय?"

"शीग. माप भरल्यावर वर येतं ते टोक."

"अगं, पण पेपर गणिताचा हाय का खळ्याचा हाय?" तिचंच बोलणं तिच्या अंगावर फेकून सर थांबले. वर्गाला हसायला वेळ दिला. वर्ग हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "ए शीगवाले, माझ्या टकुऱ्यावर पण चढव की गं!" त्याला सर काही बोलले नाहीत. तिला पुढे बोलावलं, खडूचा रिकामा डबा तिच्या हातात दिला. "हे तुझं माप. खाली पडलेले तुकडे वेच आणि भर शिगेला."

ती वेचायला लागली. खडूचे तुकडे काठावर ठरेनात. एक चढवला की दोन घरंगळत. दर वेळी वर्ग "गेऽला" म्हणून ओरडायचा. तास संपेपर्यंत.

चारपैकी शून्य. राशीचं घनफळ तर अगदी बरोबर होतं, त्याचेसुद्धा गुण नाहीत. आणि गणितात ती तीन गुणांनी गेली.

ते तीन गुण म्हणजे तिची दहावी. नववीत नापास झालेल्यांना आमची शाळा परत नववीत बसवत नसे. दाखला हातात द्यायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दे म्हणायचं, की ते मूल शाळेच्या दहावीच्या निकालात धरलं जात नाही. वर्ग नाही, शिकवणारं कुणी नाही. बाहेरून म्हणजे बाहेर.

निकालाच्या दिवशी तिची आई ऑफिसात सरांकडे आली. मी दारातच उभी होते, प्रगतिपुस्तक घेऊन.

"गुरुजी, पोरीचं चुकलं काय ते तरी सांगा."

"ताई, मापावर शीग धरलीये तिने. उदाहरणात शीग दिलेलीच नाही."

"दिली नाय म्हंजी? दर साली तुमच्या दारात तांदूळ मोजून घालतो आमी. तुमच्या घरच्या बाई समोर उभ्या ऱ्हातात, शीग जरा मोडली तर परत भरायला लावतात. तवा बरी चालते?"

क्लार्क तोंडावर फाइल धरून हसला. सरांचे कान लाल झाले. मला अजून वाटतं, त्या क्षणापर्यंत तीन गुण निघण्यासारखे होते.

"उलट बोलायचं वळण घरूनच आलंय तर. दाखला तयार आहे. सही करा."

आईने सही केली. बाहेर व्हरांड्यात येऊन तिने पोरीच्या थोबाडीत मारली. "शीग कशाला धरलीस गं? शाळेत बोडकंच माप भरायचं असतं, कळत नाय तुला?"

मुलगी रडली नाही. मला म्हणाली, "तू किती लिहिलंस?"

"अडीचशे."

"म्हंजी पुसलंस तू."

मला चारपैकी चार होते. आत जाऊन "सर, तिचं अर्धं तरी बरोबर आहे" एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. दहावी मला हवी होती.

सतरा नंबरचा फॉर्म तिने भरलाच नाही. मुदत कधी संपते, हे तिला कुणी सांगितलंच नाही. आता ती एका रिसॉर्टवर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या चादरी बदलते. मी तिथे पत्रक घेऊन गेले, यंदा फॉर्म भर म्हणाले. तिने पत्रक वाचलं, घडी घातली आणि परत केलं. "आता नको. आता कोण हसलं ना, तर मी मारीन त्याला."

तुम्ही हे वाचताय, तुमचं मूल शाळेत जातं. उद्या त्या शाळेत जा. गेल्या वर्षीचा नववीचा पट मागा, यंदाचा दहावीचा मागा, दोन्ही शेजारी ठेवा. मधल्या मध्ये जी नावं गळालीत ती मुख्याध्यापकांना मोठ्याने वाचायला लावा आणि प्रत्येक नावाचा तपासलेला पेपर टेबलावर मागा. "तुमचं मूल पास आहे ना, मग तुम्हाला काय करायचंय?" असं विचारतील. हलू नका. पेपर समोर येईपर्यंत खुर्ची सोडू नका.