मैत्रिणीचा दिवस
मार्करचं टोपण काढलं की त्या वासानं नाशिक रोडचा माझा जुना इंग्रजी संभाषणाचा वर्ग आठवतो. एनएलपी या मनाला वळण लावण्याच्या तंत्राच्या प्रशिक्षणात मला शिकवलं होतं तसं मी वर्गाला सांगितलं, "डोळे मिटा, सगळ्यात आनंदाचा दिवस आठवा आणि अंगठा तर्जनीवर दाबा. मुलाखतीत पुन्हा दाबलंत की भीती जाईल." हरसूलहून येणारी एक मुलगी डोळे उघडून हळूच म्हणाली, "मॅडम, मला माझा असा दिवसच सापडत नाय. मैत्रिणीचा चालंल का?" मी म्हणाले, "चालेल." मग मैत्रिणीला तिच्या वडिलांनी सायकलवरून शाळेत कसं आणलं, ते तिनं न अडखळता इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, तेव्हा वाटलं मात्र काहीच नाही. हल्ली वर्गाआधी मी स्वतः बोटं दाबून माझा आनंदाचा दिवस शोधते, तेव्हा मलाही ती सायकलच दिसते.