आईला सांगितलेला हर्निया

जळगाव-धुळे एसटीत कंडक्टरने मला गरोदर ठरवलं तेव्हा माझं वय सत्तेचाळीस होतं. "ताईंना बसू द्या, अवघडलेल्या आहेत," म्हणत त्याने एका धडधाकट माणसाला उठवलं. मी "नाही हो" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण आत गर्दी होती आणि सीट खिडकीची होती. बसले. नुसती बसले नाही, पारोळा येईपर्यंत पोटावर हात ठेवून बसले, त्या भल्या माणसाचा शब्द खोटा पडू नये म्हणून.

माझ्या धाकटीची तेव्हा बारावी चालू होती. तिच्या आधीची जुळी. तिघांनी मिळून पोटाचं जे केलं ते पुन्हा जागेवर आलंच नाही. वर्गात शिकवताना मी फळ्याकडे वळायचे आणि पोट माझ्यामागून, सवडीने वळायचं. दोन वर्षं मेहरूण तलावाभोवती चालले. गालफडं बसली, पोट होतं तिथेच.

शेवटी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "हे नुसतं चरबीचं नाही, बाई. बाळंतपणात पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, वरची कातडी सैल पडलीय. ती चालून आत जाणार नाही." मग कागदावर चित्र काढून दाखवलं. कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत खालून छेद, आत स्नायू ओढून शिवायचे, जास्तीची कातडी कापायची, बेंबीला नवीन भोक करून द्यायचं. वजन कमी करायचं हे ऑपरेशन नव्हे, असं त्यांनी तीनदा सांगितलं. बहुतेक माझ्या चेहऱ्यावर तीच आशा दिसत असावी. "दीड महिना घट्ट पट्टा, जड काही उचलायचं नाही. आणि शक्यतो हिवाळ्यात करा."

शेवटचं वाक्य सोडून मी सगळं ऐकलं. शाळेला सुट्टी मे महिन्यात असते.

आता प्रश्न आईचा. ती शिंदखेड्याला भाऊ-वहिनीकडे राहायची. चौऱ्याहत्तर वर्षांची, वीस वर्षं शुगर. पाच बाळंतपणं होऊनही तिचं पोट परातीसारखं सपाट. तिला काय सांगू, की मी बरं दिसावं म्हणून कातडी कापून घेतेय? "आते कोनले दखाडानं शे वं?" आता या वयात कुणाला दाखवायचंय, एवढं एकच तिनं विचारलं असतं.

मी फोन केला. "आई, हर्नियाचं किरकोळ ऑपरेशन आहे. तू येऊ नको, ऊन फार आहे."

तिनं विचारलं, "ऊन शे?" मग म्हणाली, "बरं."

आमचे हे म्हणाले, "आईंना खरं सांगून टाक."

"तुमचं पोट कुणी कापायला निघालंय का?" मी म्हटलं. आम्ही दोघांनीही त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि विषय तिथेच संपला.

ओळखीतल्या बायका आता हळूच विचारतात, कसं असतं गं ते? मी खरं सांगते. कुशीतून दोन नळ्या बाहेर येतात, टोकाला रबरी फुगे, त्यात लाल पाणी साठतं. यांनी रोज सकाळी ते मोजून वहीत लिहिलं, इतक्या मनापासून त्यांनी माझं दुसरं काही लिहून ठेवलेलं नाही. पहिले दहा दिवस सरळ उभं राहता येत नाही. शेजारच्या ऐंशीच्या अक्का माझ्यापेक्षा ताठ चालायच्या आणि मला "हळू गं" म्हणायच्या. झोपायचं ते गुडघ्यांखाली उशा घेऊन. खोकला आला की देव आठवतो. बेंबीखालची कातडी बधिर होते, हात लावला तर परक्याच्या पोटाला लावल्यासारखा. आणि जळगावच्या मे महिन्यात छातीपासून मांड्यांपर्यंत पट्टा! लाईट गेली, कूलर थांबला की डॉक्टरांचा हिवाळा मला स्पष्ट ऐकू यायचा.

आई रोज फोन करायची. तिचे प्रश्न ठरलेले. "जेवन जास का? उलटी व्हस का? केस गयतस का?"

हर्नियाचा आणि केस गळण्याचा काय संबंध, हे माझ्या मास्तरणीच्या डोक्यात आलं नाही. "गळतात की," मी म्हणाले, "भसाभस गळतात." गंमत म्हणून म्हणाले. पलीकडे तिनं फोन ठेवला.

तिसऱ्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, अगदी दबक्या आवाजात. "ताई, आईंनी चप्पल सोडली. देव्हाऱ्यात कानबाई देवीचं नारळ आहे ना, त्याच्यापुढे नवस बोलल्या, लेक बरी होईस्तोवर पायात काही घालणार नाही. मारुतीला तशाच, दळणाला तशाच. भरदुपारी. तुम्हाला काहीतरी मोठं झालंय म्हणतात. खरं सांगा ताई, काय आहे?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण वहिनी अंगाने शिडशिडीत, आणि मी उशांच्या डोंगरात पडलेली.

"हर्नियाच आहे गं," मी म्हणाले. "आईला दे फोन."

आई फोनवर आली. मी रागावले, "तुला शुगर आहे ना? चप्पल घाल बरं आधी."

"घालसू ना," ती म्हणाली. "तू उभी ऱ्हाय, मंग घालसू."

मी ठरवलं, अजून तीन आठवडे. पट्टा निघाला की शिंदखेड्याला जाईन, तिच्यासमोर ताठ उभी राहीन, मग काही सांगायलाच नको. तेव्हाही मला छान दिसूनच सुटायचं होतं.

तिच्या तळपायांना वीस वर्षांच्या शुगरने काही कळायचं नाही. डांबरी रस्त्याने पाय भाजले, फोड आले, फुटले. तिनं हळद लावली आणि कुणाला बोलली नाही. वहिनीला वास आला तेव्हा तिला धुळ्याला दवाखान्यात नेलं. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

पाचव्या आठवड्यात मी गाडी करून धुळ्याला गेले, पोटावर उशी धरून. तिच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. "आई, मला आजार नव्हता. पोट सैल पडलं होतं, ते मी कापून घेतलं. बरं दिसावं म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. "चांगलं पोट कोन कापस वं?"

"मी कापलं. तुझी शहाणी लेक."

"तुना बापले बी तुम्हीन अल्सरच सांगं व्हतं," ती म्हणाली. "मुंबईले येऊ नको, ऊन शे, तवय बी हाईच सांगं व्हतं."

मुंबईला उपचार चालू असताना वडिलांचा कॅन्सर आम्ही भावंडांनी तिच्यापासून आठ महिने लपवला होता. तिला सोसणार नाही म्हणून. कोण काय बोलणार, हे आम्ही आधी ठरवून घ्यायचो. तिला कळलं ते शेवटच्या आठवड्यात, दवाखान्यातल्या एका परक्या बाईकडून. तेव्हा ती आम्हाला एका शब्दाने बोलली नव्हती. पण आमच्या घरात किरकोळ म्हणजे काय, हे तेव्हापासून तिला ठाऊक होतं.

पुरावा म्हणून मी पडदा ओढला, पट्टा सोडला आणि व्रण दाखवला. तिनं त्याच्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मला ते कळत नव्हतं, नुसतं दिसत होतं.

"इतला मोठा?" ती म्हणाली, आणि रडायला लागली.

डॉक्टरांनी तिच्यासाठी मऊ चपला दिल्या. दुसरा पाय वाचवायचा तर त्या घालायलाच हव्यात, म्हणाले. ती घालेना. भाऊ चिडला, वहिनी पाया पडली. ती म्हणाली, "बोलेल शे मी, पोर बरी व्हऊ दे." संडासलाही अनवाणी जायची, धरून धरून.

चौथ्या दिवशी मी म्हटलं, "हो आई. कॅन्सरच होता."

वहिनी पाणी ओतत होती, ती थांबली.

"पण सगळा काढला. काल रिपोर्ट आला, एकदम स्वच्छ."

"काय म्हने डाक्टर?"

"म्हणे, आता काही भीती नाही."

तिनं डोळे मिटून कानबाईला हात जोडले. मग पाय पुढे केला. मला खाली वाकता येत नव्हतं. चप्पल वहिनीनं घातली.

दोन दिवसांत अख्ख्या वॉर्डाला माहीत झालं. आईने भावाला पेढे आणायला लावले, शेजारच्या खाटेवरच्या मुसलमान खालांना स्वतःच्या हाताने पेढा भरवला. "मनी पोर वाची गई," ज्याला त्याला सांगायची. वडील गेल्यापासून मी तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. मी कोपऱ्यात स्टुलावर, कॅन्सर बरा झालेली बाई, पेढा हातात धरून.

पायातलं विष थांबलं नाही, वर चढत गेलं. गुडघ्याखालून पाय काढायचं ठरलं होतं. त्याच्या आदल्या दुपारी ती गेली.

दहाव्याला शिंदखेड्याला बायका जमल्या. गल्लीतल्या एक आजी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "तुना मायनं तुनं मरन सोतावर लिधं, पोरी." बाकीच्यांनी माना हलवल्या. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"रिपोर्ट आता चांगला शे ना?" आजींनी विचारलं.

मी वहिनीकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"चांगला आहे," मी म्हणाले. वहिनीनं चहाचे रिकामे कप उचलले आणि ती आत गेली.