पांढरं पडलेलं सैन्य

माझे धाकटे दीर कवळ्या बनवत. दवाखान्यातले डॉक्टर माप घ्यायचे आणि भाऊजी आपल्या खोलीवजा कारखान्यात, खिडकीशी बसून, त्या मापाचे दात घडवायचे. घरातली मुलं त्यांना दातकाका म्हणत. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "दिवसभर एवढी तोंडं सांभाळतो, घरी आणखी एक कशाला?"

फावल्या वेळात ते सैन्य उभं करत. दोन हजार वर्षांपूर्वीचं, पण खेळातलं, एकेक शिपाई बोटाच्या पेराएवढा. प्लास्टिकच्या चौकटीत जोडून आलेले हात, पाय, ढाली कापून काढायच्या, कवळीच्या कानशीने घासायच्या, चिकटवायच्या आणि रंगवायच्या. एकेका शिपायाला त्यांची एक संध्याकाळ लागे. दर रविवारी त्यांचे घड्याळं दुरुस्त करणारे मित्र, आमचे घड्याळजी, आपलं सैन्य घेऊन यायचे. मग आमच्या जेवणाच्या टेबलावर हिरवं कापड पसरून, फासे टाकून, दोघांची लढाई चाले.

"वहिनी, याच्या घोडदळाला चहा द्या, पेंगतंय बघा," घड्याळजी म्हणायचे.

"तुझं पायदळ आधी मागे घे. म्हातारपणी पळायला लागलं तर धाप लागेल," भाऊजींचं उत्तर.

मग भाऊजींचा उजवा हात थरथरू लागला. दातांचं काम सुटलं. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्याच सुमारास घड्याळजींच्या मुलीने वडिलांना कायमचं आपल्याकडे बोलावलं. जाण्याआधी एकच रविवार हाताशी होता. भालाइतांचं एक मोठं सैन्य भाऊजींकडे वर्षभर नुसतंच चिकटवून पडलं होतं. ते म्हणाले, "वहिनी, एवढं एक माझ्या हातून पुरं होऊ दे. घड्याळजीशी एकदा लढवलं की मग हात गेला तरी चालेल."

आता एकेकाला संध्याकाळ देणं शक्य नव्हतं. त्यांनी झटपट रीत धरली. सगळ्यांवर एकदम अस्तराच्या रंगाचा फवारा, मग सगळ्यांचे अंगरखे, मग सगळ्यांच्या ढाली. त्यावर पातळ तपकिरी रंग ओतायचा, तो आपोआप चुण्यांत जाऊन बसतो. शेवटी जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून झटकायचा. "यात थरथर लपते," ते मला म्हणाले. त्या आठवड्यात ते शीळ घालत होते. किती दिवसांनी ऐकली मी ती!

शनिवारी राहिलं होतं फक्त व्हार्निश. हाताळताना रंग उडू नये म्हणून डब्यातून फवारायचं. दमट हवेत ते मारायचं नसतं, हे भाऊजींनीच मला पूर्वी समजावलं होतं. त्या दिवशी दोरीवरचे टॉवेल सकाळपासून ओले होते. पण रविवार काही थांबणार नव्हता. त्यांनी बाल्कनीत फळी मांडली आणि फवारा मारला.

मी चहा घेऊन गेले तेव्हा सगळं सैन्य पांढरं पडलं होतं. अंगरखे, ढाली, चेहरे, सगळ्यांवर पीठ सांडल्यासारखं.

"वाळलं की जाईल ना हे?"

"नाही जात. ओल आत अडकली." डबा अजून त्यांच्या हातात होता. चहा त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी आले आणि टेबलावरचं सैन्य पाहून दारातूनच म्हणाले, "धुकं पडलंय म्हणायचं. धुक्यात लढू." भाऊजी हसले नाहीत. तेव्हा घड्याळजींनी एक शिपाई उचलून खिडकीशी नेला आणि निरखला. "चकचकीत व्हार्निशचा हात ब्रशने दिला तर रंग वर येतील. बघू तरी."

भाऊजींनी ब्रश घेतला. रंग खरंच वर आला, लाल अंगरखा दिसला. पण इथे ब्रश ओला होता आणि थरथर लपेना. टोक ढालीवर आदळलं, भाला मोडला. दुसऱ्याचाही मोडला.

"आण इकडे," घड्याळजी सहज म्हणाले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि एकामागून एक शिपाई हातावेगळे करू लागले. आयुष्यभर घड्याळाची चक्रं बसवलेला तो हात, जराही हलत नव्हता. रांग रंगात येत होती. मी भाऊजींकडे पाहिलं. ते सैन्याकडे बघतच नव्हते, त्या हाताकडे बघत होते.

"राहू दे," ते म्हणाले.

"अरे, तासाभराचं तर काम. मग मांडू डाव."

"राहू दे म्हटलं ना. घेऊन जा ते. आता तुझंच आहे."

घड्याळजींनी ब्रश खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी खोक्यात शिपाई भरले, अर्धे रंगीत, अर्धे पांढरे, आणि ते निघाले. एकदा तरी त्यांनी नको म्हणायला हवं होतं, असं मला वाटलं. भाऊजी दारापर्यंतही गेले नाहीत.

घड्याळजींचा फोन येतो. मीच घेते. "झोपलेत," सांगते. भाऊजी समोरच बसलेले असतात, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.