पायाच्या हाडाचा जबडा

नानांच्या तोंडातली नवी कातडी जांभळी पडली होती. सकाळी आठ वाजता फिकट गुलाबी होती. मी टॉर्च धरला होता, सिस्टर कागदावर लिहीत होती. आता अकरा वाजले होते. मी सिस्टरला हाक मारली आणि स्वतः सरांच्या केबिनकडे गेले.

मी धुळ्याच्या एका हॉस्पिटलात मावशी आहे. शाळा चौथीपर्यंत. पण जबड्याच्या वॉर्डात सव्वीस वर्षं टॉर्च धरलाय, रंग मला कळतो.

नाना साक्रीकडचे. तोंडाचा कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, मग रेडिएशन. त्याला आमच्याकडे शेक म्हणतात. शेकानं कॅन्सर मरतो, पण जबड्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही आटतात. अशा जबड्यातला दात आमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढायचा नसतो. नानांनी आठवडी बाजाराच्या दिवशी दाढ काढून घेतली. खड्डा भरलाच नाही. हाड उघडं पडलं, गालातून पू यायला लागला, आणि एक दिवस भाकरी चावताना जबडाच मोडला.

सरांनी मेलेलं हाड काढलं. पायाचं बाहेरचं बारीक हाड, त्यावरच्या कातडीच्या तुकड्यासकट, जबड्याच्या जागी बसवलं. त्याच्या दोन रक्तवाहिन्या मानेत जोडल्या. एक रक्त आणते, दुसरी परत नेते. तोंडात दिसते ती कातडी पाहून आतल्या हाडाचं कळतं. पांढरी पडली तर रक्त येत नाही. जांभळी पडली तर रक्त परत जात नाही.

"सर, नानांची कातडी जांभळी झाली."

"मावशी, आठला मी बघितली. छान होती."

"आठला होती."

सर उठले. खाटेजवळ गेलो तर डोक्यावरून घेतलेली चादर सिस्टरनं खाली केलेली, आणि नानांच्या डोक्याला मफलर. कानांवरून घेऊन हनुवटीखाली करकचून गाठ. गाठ बरोबर डाव्या बाजूला, शिरा जोडलेल्या टाक्यांवर. मघाशी मी फक्त तोंड बघून पळाले होते. नानांच्या गळ्यात श्वासाची नळी, त्यांना बोलता येत नव्हतं. हात बांधलेले नव्हते, पण बायकोनं बांधलेलं ते कशाला सोडतील?

"कोणी बांधलं हे?" सरांनी विचारलं.

अक्का, म्हणजे नानांची बायको, स्टुलावर बसली होती. "त्यासले थंडी वाजी ऱ्हायनी व्हती," ती म्हणाली.

आमच्याकडे आजारी माणसाचे कान उघडे ठेवत नाहीत. त्यात वर एसी. तिचं काही चुकलं असं तिला वाटणार कसं?

"बांधलं हिनं," मी सरांना म्हटलं. "आत सोडलं मी. पाच मिनिटं बस म्हटलं आणि बेडपॅन धुवायला गेले."

सरांनी गाठ कापली. कातडीला सुई टोचली. काळपट रक्त आलं. दहा मिनिटं थांबलो, रंग बदलला नाही. शेक लागलेल्या मानेतल्या शिरा कडक असतात, त्यांना दाब सोसत नाही. आत गुठळी झाली होती. पुन्हा थिएटरमध्ये न्यायचं ठरलं.

कागदावर अंगठा द्यायच्या आधी अक्कानं सरांना विचारलं, "जबडा जाई का मानूस जाई?"

"आत्ता नेलं तर बहुतेक दोन्ही राहतील. उशीर केला तर जबडा नक्की जाईल, मग जखम सडेल. पुढचं मी सांगू शकत नाही."

तिनं अंगठा दिला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, मला आधी सांगायला काय झालं होतं? खरं होतं. गळ्याभोवती काही बांधायचं नाही, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. तिला ते ठाऊक असेल असं आम्ही धरून चाललो होतो.

सरांनी गुठळी काढली, शीर पुन्हा जोडली. साडेतीन तास लागले. दुपारी टॉर्च मीच धरला. कातडी गुलाबी होती. सर नुसते हं म्हणाले.

नंतर ऑफिसनं दारावर सूचनांचा बोर्ड लावला. अक्कासारख्या बायकांना तो वाचता येत नाही. म्हणून मी नातेवाइकाला आत सोडण्याआधी पिशवी उघडायला लावते. मफलर, रुमाल, गळ्यात बांधायचा दोरा, सगळं बाहेर. बायका मला शिव्या देतात. देऊ देत.

नाना लंगडतात, भाकरी दुधात कुस्करून खातात. नाना जगले.