आधी कप पुढे ठेवा

वहिनींनी कप धुतला नाही. कचऱ्यात टाकला.

चांगला कप होता. निळा, जाड कानाचा. कुठे तडा नाही, टवका नाही. आप्पांची हनुवटी पुसेपर्यंत मी तो हातात धरला, एवढंच. वहिनींनी दोन बोटांनी माझ्याकडून घेतला. किचनमध्ये पायाने डबा उघडल्याचा आवाज आला. मग धप्प.

दहा मिनिटांपूर्वी याच हातांनी मी आप्पांना, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांना, काखेत धरून उचललं होतं. टॉयलेटला नेलं होतं. धुतलं होतं. त्याला कुणाची हरकत नव्हती. माणूस चालला. कप नाही.

मी तिथे काय करत होतो, ते सांगतो. मी दुबईत एसी दुरुस्त करतो. मूळचा नगर जिल्ह्यातला. बंगळुरूला नोकरीत असताना मॉर्मन, म्हणजे एका अमेरिकन ख्रिस्ती पंथाचा, झालो. का झालो? त्यांच्या चर्चमध्ये पहिल्याच दिवशी एकाने माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला आणि आडनाव विचारलं नाही. एवढ्यावर झालो. लोक यापेक्षा कमी कारणावर लग्नं करतात.

दुबईत आलो तर इथल्या मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, मला मिशनरी केलं. फुल टाइम नाही, सुट्टीच्या दिवसाचा. इथे प्रचार करायचा नाही, कायदाच आहे. कुणी आपणहून विचारलं तरी विषय बदलायचा. मग मिशनरीने करायचं काय? सेवा. पांढरा शर्ट, टाय, काळा बिल्ला आणि बरोबर जोडीदार. माझा जोडीदार रोमेल, फिलिपिनो. बिल्ल्यावर लिहिलेलं 'एल्डर'. म्हणजे वडीलधारा. ऑगस्टच्या उन्हात टाय लावून बसस्टॉपवर घाम पुसणारा वडीलधारा. लेबर कॅम्पातली पोरं विचारायची, "भाऊ, इन्शुरन्स विकतोस का रे?"

आणि चहा बंद. दारू, सिगारेट, कॉफी, चहा आम्हाला वर्ज्य. दारू मी कधी घेतलीच नव्हती, ती एका मिनिटात सोडली. चहाने मात्र जीव घेतला. पहिल्याच महिन्यात बर दुबईला अब्र्याच्या, म्हणजे खाडीतल्या होड्यांच्या, धक्क्यावर दीड दिरहमचा, म्हणजे पस्तीस रुपयांचा करक चहा चोरून प्यायलो. बिल्ला खिशात घातला आणि टाय तशीच ठेवली. असला चोर मी.

गावी फोन करून बापाला चहा सोडल्याचं सांगितलं. त्याला लहानपणी हॉटेलाबाहेर बसवून वरून चहा ओतायचे. पुढे भांडणं झाली, डोकी फुटली, मग आत बाक मिळाला, काचेचा ग्लास मिळाला. तेव्हापासून ॲसिडिटी असली तरी रोज मधल्या बाकावर बसून चहा पिणार म्हणजे पिणार.

"ज्या गलासासाठी आम्ही मार खाल्ला, त्यो तू फुकटात सोडला व्हय रं?"

मी म्हणालो, "आण्णा, धर्माचा नियम आहे."

"त्यांचाबी नियमच व्हता," म्हणाला आणि फोन ठेवला.

तर दुबईच्या सिलिकॉन ओएसिस वस्तीतलं हे पुण्याचं कुटुंब. साहेबांच्या, म्हणजे वहिनींच्या नवऱ्याच्या, ऑफिसात आमच्या मंडळीतले एक अमेरिकन गृहस्थ होते. साहेब त्यांना म्हणाले, वडिलांना अर्धांगवायू झालाय, उचलायला माणूस लागतो, आणि दिवसभर मराठी बोलायला कुणी नाही. नातू इंग्लिशमध्ये उत्तर देतो. झालं, मंडळीतला एकमेव मराठी एल्डर दर शनिवारी अकराव्या मजल्यावर.

पहिल्या दिवशी वहिनींनी विचारलं, "गाव कुठलं? आणि पूर्ण नाव?" सांगितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." तो 'अच्छा' मी ओळखतो. तरी हसलो. हसायची मला खोड आहे.

"चहा घेणार ना?"

"नको वहिनी, आमच्यात चालत नाही."

"अय्या, किती छान!" इतका खरा आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. मग पाणी आलं. रोमेलला काचेच्या ग्लासात, मला कागदी कपात. मी मनात म्हटलं, पर्यावरणाचा विचार करणारी माणसं दिसतायत.

सहा शनिवार मी पर्यावरणाचाच विचार केला.

आप्पा दर वेळी विसरायचे आणि दर वेळी विचारायचे, "आडनाव काय रे तुझं?" दोनदा खरं सांगितलं. तिसऱ्यांदा मस्ती आली, म्हटलं, "जोशी." म्हातारा खुलला! नेमकं तेवढंच लक्षात ठेवलं. "या जोशीबुवा, बसा जोशीबुवा." मी मोबाइलवरून त्यांना पेपर वाचून दाखवायचो, ते राजकारण्यांना शिव्या द्यायचे, आम्ही दोघं हसायचो. वहिनी ऐकायच्या. दुरुस्त करायच्या नाहीत. माझी गंमत आणि त्यांची सोय.

त्या शनिवारी आप्पांनी आपला निळा कप पुढे केला. "घे जोशी, एक घोट घे. एकट्याने चहा गोड लागत नाही." मी कप धरला. प्यायलो नाही. पुढचं वर सांगितलंय.

लिफ्टमध्ये रोमेलने विचारलं, "ब्रदर, पेपर कप ओन्ली फॉर यू. व्हाय?"

मी म्हणालो, "आय ॲम व्हीआयपी. यूज अँड थ्रो."

तो हसला नाही. अकरा मजले उतरेपर्यंत मीही हसलो नाही. मी चहा सोडला होता तो देवासाठी. त्या घरात मात्र माझं 'आमच्यात चालत नाही' त्यांच्या कामी येत होतं. मला कोणत्या कपात द्यायचं हा प्रश्नच मी त्यांना पडू देत नव्हतो. बापाने डोकं फोडून घेतलं आणि मी टाय लावून बाहेर जाऊन बसलो. आपणहून.

पुढच्या शनिवारी कागदी कप आला. मी म्हणालो, "वहिनी, मलाही ग्लास द्या. रोमेलसारखा."

"अहो, सगळे डिशवॉशरमध्ये आहेत."

फळीवर सहा दिसत होते. मी उठलो, किचनमध्ये गेलो, ग्लास घेतला, नळाचं पाणी भरलं आणि त्यांच्यासमोर उभ्याने प्यायलो. अर्धं पाणी टायवर सांडलं. वीराचं चित्र काढायला कुणी आलं असतं तर परत गेलं असतं. ग्लास विसळला नाही. ओट्यावर ठेवला.

आतून हाक आली, "जोशी, आलास का रे?"

मी आत गेलो. "आप्पा, मी जोशी नाही." आणि खरं आडनाव सांगितलं. गावासकट.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा एकच हात चालतो. तो हात वर आला आणि त्यांनी ओठ पुसले.

लाळ असेल. त्यांची लाळ गळतेच. मी अजून स्वतःला तेच सांगतो.

संध्याकाळी साहेबांचा फोन. आवाज मऊ. "पुढच्या शनिवारपासून कुणी येऊ नका. आणि हे बघा, तुम्ही घरात येऊन धर्मप्रचार करता असं कुणाच्या कानावर गेलं, तर तुमच्या व्हिसाचं अवघड होईल. कळलं ना?"

कळलं. सात शनिवारांत धर्माचा एक शब्द मी काढला नव्हता. ग्लासभर पाणी प्यायलो, तो माझा पहिला प्रचार.

मंडळीतल्या अमेरिकन गृहस्थांना समजावून सांगायला बसलो. माझ्या इंग्लिशमध्ये स्क्रू आहे, कॉम्प्रेसर आहे, जातीला शब्द नाही. त्यांनी मन लावून ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे त्यांनी तुला चहाचा आग्रह केला नाही, म्हणून तू दुखावलास?" भला माणूस. मी "यस" म्हणालो आणि निघालो.

आता शनिवार रिकामा असतो. आप्पांना कोण उचलतं, माहीत नाही. रोमेलला दुसरा जोडीदार मिळाला. साहेबांच्या हातात एक फोन आहे आणि तो ते कधीही लावू शकतात. काही बदललं नाही. त्या फळीवर आता पाच ग्लास असतील, एवढाच फरक.

चहा मी सोडलेलाच आहे, परत धरणार नाही. पण दारातच 'आमच्यात चालत नाही' हे यापुढे कुणालाही ऐकू येणार नाही. विचारलं तर म्हणेन, आणा. घरातल्या कपात आणा. माझ्यापुढे ठेवा. तो ठेवेपर्यंत मी बसून राहीन.

मग नाही म्हणेन.